लेसरचा झोत, निळं आकाश आणि धुकं: आकाशदर्शनाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात मार्गदर्शकाने तारा दाखवायला हिरवा लेसर वर केला की निम्मे प्रश्न ताऱ्याचे आणि निम्मे लेसरचे येतात. लेसरच्या प्रश्नांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा लागणार आहे. जो प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरत नाही, तो आपल्याला दिसत नाही. आपल्याला दिसतो तो वाटेतल्या हवेने, धुळीने किंवा पाण्याच्या थेंबांनी मूळ वाटेवरून आपल्याकडे वळवलेला हिस्सा. त्यालाच विकिरण म्हणतात.

लेसर सरळ रेषेत जातो, मग बाजूला उभं राहून झोत दिसतो कसा?

वर सांगितलं त्याच कारणाने. हवेचा प्रत्येक रेणू त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग चहूकडे उधळतो. समुद्रसपाटीवरच्या धूळविरहित हवेतही हिरवा प्रकाश एक किलोमीटर गेला की त्यातला साधारण सव्वा टक्का असा बाहेर फेकला जातो. शहरातल्या धुराने आणि धुळीने हे प्रमाण कित्येक पट वाढतं. म्हणून शहरातल्या गच्चीवरून झोत जाडजूड दिसतो, आणि डोंगरमाथ्यावर, पावसाने हवा धुऊन निघालेल्या रात्री, तोच लेसर बारीक आणि फिका वाटतो. लेसर बिघडला नाही, हवा सुधारली.

तुम्ही कुठे उभे आहात यानेही फरक पडतो. रेणू पुढच्या आणि मागच्या दिशेला सारखाच प्रकाश फेकतात, काटकोनात त्याच्या निम्मा. धूलिकण मात्र बहुतेक प्रकाश पुढेच ढकलतात. लेसर धरणाऱ्याच्या खांद्याशी उभं राहिलात तर झोत खूप ठळक दिसेल, कारण तुमची नजर झोताबरोबरच जाते आणि बऱ्याच लांबीचा उधळलेला प्रकाश एकावर एक साचतो. पंचवीस पावलं बाजूला जाऊन पाहा, झोत एकदम निस्तेज होतो. समोरून तो आणखी तेजस्वी दिसेल, पण हा प्रयोग कोणीही करायचा नाही.

झोत आकाशात एका ठिकाणी संपल्यासारखा दिसतो. तो खरंच तिथे संपतो का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर भूमितीत आहे. झोत संपत नाही. रेल्वेचे समांतर रूळ लांबवर एका बिंदूत मिळाल्यासारखे दिसतात, तसंच इथे होतं. एक समांतर रेषा म्हणजे लेसरचा झोत आणि दुसरी म्हणजे त्याच दिशेने जाणारी तुमची नजर.

आकडे घालून पाहू. समजा लेसर तुमच्या डोळ्यापासून एक मीटर बाजूला आहे. झोतावरचा १०० मीटर लांबचा बिंदू तुम्हाला शेवटच्या टोकापासून फक्त अर्ध्या अंशावर दिसतो, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढ्या अंतरावर. एक किलोमीटरवरचा बिंदू त्याच्या एकदशांश अंतरावर. त्यापुढचे सगळे किलोमीटर त्या टोकाशी इतके दाटीने बसतात की डोळ्याला ते वेगळे कळत नाहीत. म्हणूनच लेसर ताऱ्यावर ‘टेकल्यासारखा’ वाटतो आणि बोट दाखवण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो. गर्दीतला दहा मीटर लांब उभा असलेला माणूस मात्र ‘तुमचा लेसर त्या ताऱ्याच्या जरा डावीकडे आहे’ म्हणतो. त्याच्या जागेवरून तो बरोबर सांगत असतो.

याच्या जोडीला हवा विरळ होत जाते. साडेपाच किलोमीटरच्या वर वातावरणाचं निम्मंच वजन उरतं, सोळा किलोमीटरच्या वर जेमतेम एकदशांश. उधळायला रेणूच नसतील तर झोत दिसणार कसा?

ढगांतून सूर्यकिरण पंख्यासारखे पसरलेले दिसतात, तेही असंच का?

हो. ते किरण जवळजवळ समांतरच असतात. पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी पाठ फिरवून पूर्वेकडे पाहा. नशीब असेल तर तेच पट्टे आकाश ओलांडून सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला पुन्हा एकत्र येताना दिसतात.

हिरवाच लेसर का वापरतात? लाल स्वस्त मिळतो.

दोन कारणं एकमेकांना गुणली जातात. प्रकाशाचा रंग त्याच्या तरंगलांबीवरून ठरतो, आणि ती नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागात, मोजतात. दिवसा आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पोपटी प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा त्याच्या अगदी जवळ आहे, ६५० नॅनोमीटरचा लाल खूप दूर. तेवढ्याच ताकदीचा हिरवा डोळ्याला साधारण आठपट तेजस्वी भासतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यासाठी ही तफावत आणखी वाढते.

दुसरं कारण हवेतलं. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये दाखवलं की रेणूंकडून होणारं विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. तरंगलांबी निम्मी केली की विकिरण सोळापट. या हिशोबाने ५३२ चा हिरवा ६५० च्या लाल प्रकाशापेक्षा सव्वादोन पट जास्त उधळला जातो. दोन्ही मिळून सुमारे अठरापट. लाल लेसरचा ठिपका भिंतीवर छान दिसतो आणि आकाशात झोत दिसतच नाही, तो यामुळे.

मग त्या नियमाने आकाश जांभळं दिसायला हवं. निळं का?

आक्षेप रास्त आहे. जांभळा प्रकाश निळ्यापेक्षा जास्त उधळला जातोच. पण सूर्याच्या प्रकाशात जांभळा निळ्यापेक्षा कमी असतो, आणि आपल्या डोळ्याला तो फारसा जाणवत नाही. उधळलेल्या प्रकाशात जांभळा, निळा, थोडा हिरवा असं सगळंच असतं. त्या मिश्रणाला आपला मेंदू निळं म्हणतो.

सूर्यास्तानंतर डोक्यावरचं आकाश गडद निळं राहतं त्याचं श्रेय मात्र रॅलेंना एकट्याला देता येत नाही. त्या वेळी सूर्यप्रकाश ओझोनच्या थरातून तिरपा आणि लांबचा प्रवास करून येतो, आणि ओझोन त्यातला नारिंगी-तांबडा भाग शोषून घेतो. १९५० च्या दशकापर्यंत हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

सूर्यास्त लाल, पण रोज सारखा का नसतो?

सूर्य डोक्यावर असताना प्रकाश जितक्या हवेतून येतो, त्याच्या सुमारे ३८ पट हवा क्षितिजावरच्या सूर्याच्या प्रकाशाला ओलांडावी लागते. केवळ रेणूंचा हिशोब केला तरी या वाटेने ७०० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशातला पाव भाग पोचतो आणि ४५० च्या निळ्यातला दहा हजारात दोन-तीन भाग. निळा हरवत नाही. तुमच्यापासून शेकडो किलोमीटर पश्चिमेला, जिथे सूर्य अजून क्षितिजाच्या वर आहे, तिथल्या लोकांचं आकाश तो निळं करत असतो.

रोजचा फरक धूळ, बाष्प आणि ढग करतात. धूर फार झाला तर लाली वाढत नाही, सूर्य मळकट तांब्यासारखा होऊन क्षितिजाच्या वरच विझतो. मुंबईच्या जानेवारीतल्या संध्याकाळी हे नेहमीचं आहे. जाता जाता: मावळतीचा सूर्य समुद्राला टेकलेला दिसतो तेव्हा भूमितीच्या हिशोबाने तो क्षितिजाखाली गेलेला असतो. हवेच्या अपवर्तनाने, म्हणजे हवेतून येताना प्रकाश वाकल्याने, तो सुमारे ३४ कलांनी (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे स्वतःच्या व्यासापेक्षा किंचित जास्त, वर उचललेला असतो. आपल्याकडे त्यामुळे दिवस संध्याकाळी दोन-अडीच मिनिटांनी लांबतो.

ऑक्टोबरात सह्याद्रीतले लांबचे किल्ले स्वच्छ दिसतात, फेब्रुवारीत का नाही?

कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. पृथ्वीच्या गोलाईचा हिशोब केला तर तिथून क्षितिज १४५ किलोमीटरवर येतं, आणि पलीकडे उंच डोंगर असतील तर त्यांची टोकं त्याहूनही लांबून दिसू शकतात. पूर्ण स्वच्छ हवेत नजर सुमारे ३०० किलोमीटर पोचावी. प्रत्यक्षात अडवते ती धूळ आणि धूर. पाऊस हवा धुऊन काढतो, म्हणून तो उघडल्यावरचे काही आठवडे ट्रेकर्सचे. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, हवा वर-खाली मिसळणं थांबतं आणि चुलींचा, वणव्यांचा, गाड्यांचा धूर त्याच थरात साचत जातो. सकाळी गडावरून खाली पाहिलं तर या थराची वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ दिसते.

आणि लांबचा डोंगर निळसर का? तुमच्या आणि डोंगराच्या मधली हवा स्वतः सूर्यप्रकाश उधळत असते. तो डोंगराकडून आलेला नव्हे, मधल्या हवेतला प्रकाश आहे. डोंगर जितका लांब, तितका हा पडदा जाड.

लाल दिवा धुक्यातून लांबपर्यंत जातो म्हणून सिग्नल लाल असतो, हे खरं का?

पाठ्यपुस्तकातलं हे वाक्य अर्धंच बरोबर आहे. स्वच्छ किंवा धूसर हवेत लाल प्रकाश कमी उधळला जातो, इथपर्यंत ठीक. पण धुक्याचे थेंब साधारण दहा मायक्रोमीटरचे, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या वीसपट मोठे. तिथे रॅलेंचा नियम लागू होत नाही. एवढ्या मोठ्या गोल कणांचं गणित जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव मी (Mie) यांनी १९०८ मध्ये मांडलं, आणि त्यात लाल-निळा भेद जवळजवळ पुसला जातो. ढग आणि धुकं पांढरं दिसतं ते याच कारणाने. दाट धुक्यात लाल, पिवळा, पांढरा सगळे सारखेच अडकतात.

हवामानशास्त्रात दृश्यमानता एक किलोमीटर म्हणजे तेवढ्या अंतरात थेट येणारा प्रकाश दोन टक्क्यांवर येतो. दोन किलोमीटरवर दोन टक्क्यांचे दोन टक्के, म्हणजे दहा हजारात चार भाग. विमानतळावर हे अंतर यंत्राने मोजतात. धावपट्टीलगत एका टोकाकडून दुसऱ्याकडे प्रकाश पाठवायचा आणि किती पोचला ते पाहायचं. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने, म्हणजे एनएएलने, असं ‘दृष्टी’ नावाचं यंत्र बनवलं आणि हवामान खात्याने ते देशातल्या विमानतळांवर बसवलं.

घाटात गाडी चालवणाऱ्यांसाठी एवढंच: धुक्यात हाय बीम लावला की थेंब तो प्रकाश तुमच्याच डोळ्यांत परत फेकतात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. फॉग लॅम्पचा फायदा त्याच्या पिवळ्या रंगात नाही. तो बंपरपाशी खाली बसवलेला असतो आणि त्याचा झोत वरून कापलेला असतो, त्यामुळे तुमच्या नजरेच्या रेषेतलं धुकं उजळत नाही.

हरिश्चंद्रगडावरचं इंद्रवज्र म्हणजे गोल इंद्रधनुष्यच ना?

दिसायला तसं, घडायला वेगळं. इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांतून होतं आणि त्याची त्रिज्या ४२ अंश असते. इंद्रवज्राचं कडं फक्त काही अंशांचं. कोकणकड्याच्या टोकावर सूर्य पाठीशी, म्हणजे सकाळी, आणि समोर दरीतून वर आलेलं धुकं असेल तर त्या धुक्यावर तुमची सावली पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वलयं उमटतात, आत निळसर, बाहेर तांबूस. कडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे आणि खाली कोकण आहे, म्हणून ही जुळणी इथे जमते. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३५ साली छापलेल्या दख्खनच्या हवामानावरच्या निबंधात अशा वर्तुळाकार धनुष्याची नोंद आहे.

कारण थोडं खोलात आहे. धुक्याचा बारीक थेंब बहुतेक प्रकाश पुढे ढकलतो, पण थोडा भाग थेंबाच्या कडेने आत शिरून, फिरून, जवळजवळ आल्या वाटेने परत येतो. कडेच्या वेगवेगळ्या बाजूंनी परतलेल्या तरंगांचा एकमेकांशी मेळ बसतो किंवा बिनसतो, आणि त्यातून वलयं तयार होतात. थेंब लहान तर वलय मोठं. धुकं बदलत असलं की कडं डोळ्यांदेखत आकसतं आणि फुलतं.

यातली गंमत अशी की शेजारी चौघं उभे असतील तर प्रत्येकाला वलय फक्त स्वतःच्या डोक्याभोवती दिसतं. मित्राची सावली दिसते, त्याचं वलय नाही. गडावर जाणं जमत नसेल तर विमानात सूर्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी घ्या आणि खालच्या ढगांवर विमानाची सावली शोधा.

तारे लुकलुकतात, तसा लांबवर लेसरचा ठिपकाही थरथरतो. हे विकिरण का?

नाही, हे अपवर्तन. तापमानातल्या बारीक फरकांमुळे हवेचे थंड-गरम गोळे सतत सरकत असतात आणि प्रत्येक जण प्रकाशाला किंचित वळवतो. चांगल्या वेधशाळेच्या जागीसुद्धा हवेचा एकसारखा वागणारा तुकडा दहा-वीस सेंटीमीटरच्या पलीकडे नसतो.

यावर खगोलशास्त्रज्ञांनी लेसरचाच उपाय काढला. जमिनीपासून ९० किलोमीटरवर उल्कांनी आणून टाकलेल्या सोडियमचा विरळ थर आहे. ५८९ नॅनोमीटरच्या पिवळ्या लेसरने तो उजळला की कृत्रिम तारा तयार होतो. त्याची थरथर मोजायची आणि दुर्बिणीचा लवचीक आरसा सेकंदाला शेकडो वेळा उलट वाकवायचा. चिलीतल्या पारानाल वेधशाळेत एका दुर्बिणीवर प्रत्येकी २२ वॅटचे चार लेसर आहेत. त्यांच्या फोटोत झोत खालपासून वर जातो आणि विझतो. मग बराच काळोख, कारण तिथे उधळायला पुरेशी हवा नाही. आणि त्याच्या पुष्कळ वर सोडियमचा ठिपका.

लेसर कधीच पसरत नाही म्हणतात. चंद्रापर्यंत जाईल का?

पसरतो. हातातला लेसर साधारण एक किलोमीटरला एक मीटर रुंदावतो. चंद्रावर पोचेपर्यंत त्याचं वर्तुळ ३८० किलोमीटर रुंद होईल आणि कोणाला काही कळणार नाही. साडेतीन मीटरच्या दुर्बिणीतून सोडलेला झोत हवेच्या थरथरीमुळे चंद्रावर सुमारे दोन किलोमीटरचा होतो. अपोलो ११ ने १९६९ मध्ये ठेवलेल्या परावर्तकावरून अडीच सेकंदांनी परत येणारा प्रकाश असाच पकडतात. स्पंद, म्हणजे लेसरचा क्षणभराचा झटका, सोडताना त्यात १० च्या १७ व्या घाताइतके फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, असतात आणि परत हाती लागतो सरासरी एखादा. एवढ्यावर चंद्र वर्षाला ३.८ सेंटीमीटर दूर जातोय हे मोजलं गेलंय.

आपल्या चांद्रयान ३ च्या विक्रम लँडरवरही नासाचा एक छोटा परावर्तक आहे. १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानाने त्यावर लेसर टाकून परतलेला प्रकाश टिपला. तिथे हवाच नाही, त्यामुळे या पानावरचं एकही संकट आडवं आलं नाही.

विकिरणाचा उपयोग काय, की नुसती अडचण?

लायडर हे त्याचं उत्तर. लेसरचं अगदी छोटं स्पंद वर सोडायचं आणि परतलेला प्रकाश वेळेप्रमाणे नोंदवायचा. एक मायक्रोसेकंद उशीर म्हणजे १५० मीटर अंतर. शंभर मायक्रोसेकंदांनी आलेला प्रकाश पंधरा किलोमीटरवरून आला. पहिला लेसर १९६० चा, आणि १९६३ मध्येच फिओको आणि स्मलिन यांनी रूबी लेसरने वरच्या वातावरणाचा वेध घेतला होता.

पुण्याला पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, १९८० च्या दशकात वेगळ्या घडणीचा लायडर चालवला गेला. त्यातला आर्गॉन लेसर अखंड चालणारा, त्यामुळे वेळ मोजून अंतर काढता येत नाही. म्हणून लेसर एकीकडे, दुर्बीण थोडी दूर, आणि दोघांच्या रेषा आकाशात जिथे छेदतील तिथल्या धूलिकणांचं मोजमाप. कोन बदलत वर जायचं. मला ही युक्ती फार आवडते, कारण स्पंदांचं काम तिने शुद्ध त्रिकोणमितीवर भागवलं. पुढे २००६ ते २०२३ कॅलिप्सो उपग्रहाने हेच काम अवकाशातून, वरून खाली पाहत केलं.

आणि सी. व्ही. रामन यांचा याच्याशी संबंध काय?

थेट आहे. १९२१ मध्ये इंग्लंडहून परतताना भूमध्य समुद्राचा निळा रंग त्यांना खुणावू लागला. तो आकाशाचं प्रतिबिंब आहे, असं रॅलेंचं मत होतं. रामन यांनी बोटीवरच, एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पलीकडे सोडणाऱ्या निकॉल प्रिझममधून पाहून पृष्ठभागावरचं प्रतिबिंब काढून टाकलं. निळाई उरलीच, उलट जास्त खुलली. म्हणजे पाण्याचे रेणूही प्रकाश उधळतात. तिथून सुरू झालेलं काम २८ फेब्रुवारी १९२८ ला रामन परिणामापर्यंत पोचलं: उधळलेल्या प्रकाशातला अत्यल्प भाग रंग बदलून येतो, आणि बदल किती हे रेणूवर अवलंबून असतं. आज ३५५ नॅनोमीटरचा लेसर वर सोडला की नायट्रोजनकडून ३८७ आणि बाष्पाकडून ४०७ नॅनोमीटरचा प्रकाश परततो. दोन्हींच्या प्रमाणावरून कुठल्या उंचीवर किती बाष्प आहे हे जमिनीवर बसून कळतं.

मिरवणुकीत धुरावर लेसर सोडतात. धुरामुळे त्याची ताकद कमी होते ना?

हा गैरसमज धोकादायक आहे. झोत ठळक दिसतो म्हणजे तो धुरात संपला, असं नाही. दोनशे मीटरपर्यंत दिसतं इतका धूर असला तरी दहा मीटरवरच्या डोळ्यापर्यंत ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश पोचतो. डोळ्याचं भिंग तो पडद्यावरच्या एका बिंदूत गोळा करतं. अर्ध्या वॅटच्या पुढचे लेसर चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गात मोडतात, आणि तिथे पापणी मिटण्याआधीच इजा झालेली असते. गेल्या काही वर्षांत गणेशोत्सवानंतर पडद्यावर रक्तस्राव झालेले तरुण रुग्ण डोळ्यांच्या दवाखान्यांत आले आणि पुणे, कोल्हापूर अशा ठिकाणी प्रशासनाने मिरवणुकीतल्या लेसरवर बंदीचे आदेश काढले. मंडळांनी आदेशाची वाट पाहायला नको होती, असं माझं मत.

आकाशदर्शनासाठी लेसर घ्यायचा तर कोणता?

पाच मिलिवॅटच्या आतला पुरतो. जास्त ताकदीचा घेऊन तारा जवळ येत नाही. स्वस्त हिरव्या लेसरमध्ये आणखी एक खोड असते. त्याच्या पोटात १,०६४ नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त प्रकाश तयार होतो आणि त्यातूनच ५३२ चा हिरवा बनवला जातो. गाळणी नसेल तर अवरक्त भागही बाहेर पडतो, आणि तो दिसत नसल्याने पापणी मिटत नाही. विमानाचे दिवे दिसले की बटण सोडा. तीन किलोमीटरवर तुमचा ठिपका तीन मीटरचा झालेला असतो आणि कॉकपिटची काच पूर्ण हिरवी करून टाकतो. विमानतळाच्या परिसरात तर काढूच नका. मुलांच्या हातात देऊ नका, खिशात ठेवताना सेल काढून ठेवा.

पाऊस पडताना झोत जास्त छान दिसेल का?

रिमझिम आणि धुक्यात हो. मुसळधार पावसात झोताऐवजी उडत्या ठिणग्या दिसतील, कारण तेव्हा चमकतो तो एकेक थेंब.